म्हैसूरची राणी आणि देवीची लस

म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे एक तैलचित्र आहे. थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने ते १८०५ च्या सुमारास काढले. त्या कोणी नर्तकी असाव्यात, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. पुढे नायजेल चॅन्सेलर या इतिहासकाराने त्या राजस्त्रिया असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते मधली स्त्री राजाची आजी लक्ष्मम्मण्णी, आणि उजवीकडची तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांची धाकटी राणी देवजम्मण्णी. ही धाकटी राणी दंडावरील वस्त्र किंचित बाजूस सारीत आहे. नव्याने आलेली देवीची लस टोचण्याची जागा तीच. डावीकडील थोरल्या राणीच्या नाकाओठांभोवती फिकेपणा दिसतो. देवीच्या वाळलेल्या खपल्यांची पूड नाकात फुंकण्याची जी जुनी रीत होती, तिची ती खूण असावी, असे चॅन्सेलर मानतात. देवजम्मण्णी १८०५ साली लग्नासाठी म्हैसुरास आली तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. आज तिला आपण बालरुग्णांच्याच विभागात पाठवू.

या चित्राचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या घरात शिरावयास हवे. ज्यांना देवी येत, त्यांतील दहापैकी सुमारे तिघे दगावत. वाचलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे जात. रोगाला आपण ‘देवी’ म्हटले, कानडी मुलुखाने मारम्मेकडे बोट दाखविले. औषध असे नव्हतेच. होती ती केवळ शुश्रूषा, आणि ती आईने करावयाची. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरावयाचा, त्याच डहाळीने वारा घालावयाचा, मुलाला खाजवू द्यावयाचे नाही, घरात फोडणी द्यावयाची नाही, परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यावयाचे नाही, थंड पदार्थ भरवावयाचे. यात भाबडेपणा होता हे खरे; परंतु सोवळ्याच्या वेषात यात रुग्णाचे विलगीकरण होते आणि आईचे अखंड जागरणही होते. पुस्तकी शिक्षण न मिळालेल्या परिचारिकेची ही पाठ झालेली नियमावलीच म्हणावी लागेल.

अशा घरांच्या दारात नवी लस आली. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तन देवीची लस टोचली होती. ती लस हिंदुस्थानापर्यंत जिवंत आणणे हेच महाकठीण कर्म होते. दोऱ्याला लावून वाळविलेली लस उष्म्याने निकामी होई. एकच खात्रीचा उपाय उरे : एका मुलाला टोचावयाचे, आठव्या दिवशी त्याच्या दंडावरील फोडातला द्रव काढून दुसऱ्याला द्यावयाचा, आणि त्याच्याकडून तिसऱ्याला. ज्याला पूर्वी देवी आल्या नाहीत असाच जीव त्यासाठी हवा, म्हणजे बहुधा मूलच. साखळीतली एक कडी तुटली की सारे संपले. व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करून लस मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. पुढल्या आठवड्यात तिच्या दंडावरून आणखी पाच मुलांना. मुंबईहून ती हैदराबाद, मद्रास अशा ठिकाणी गेली व अखेरीस म्हैसूरच्या दरबारी पोहोचली.

ॲना स्वभावाने गुणी होती, एवढे कागदपत्रांत आढळते. पण द्रव काढताना तिला मांडीवर कोणी धरले, रात्री ताप आल्यावर कोण जागले, हे इतिहास सांगत नाही. डॉक्टरांची नावे मात्र आहेत.

याच सुमारास स्पेनने जे केले ते येथे आठवते. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून बाल्मिस या डॉक्टरांची मोहीम अमेरिका खंडाकडे निघाली. जहाजावर २२ अनाथ मुले होती. त्यांच्याच दंडांवरून लस समुद्र ओलांडणार होती. त्यांना सांभाळण्यास अनाथालयाची व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल बरोबर होती, तिचा स्वतःचा मुलगाही त्यांच्यातच होता. मुलांनी झोपेत एकमेकांचे फोड फोडू नयेत, खाजवू नयेत, घाबरू नये, हे सारे तिने पाहिले. तिने प्रकृतीची पर्वा न करता रात्रंदिवस मातेप्रमाणे सेवा केली, असे बाल्मिसने लिहून ठेवले आहे. पुढे मेक्सिकोहून फिलिपाईन्सला २६ मुलांना घेऊनही ती गेली. बालरुग्णपरिचर्येच्या इतिहासाला आरंभ हवाच असेल, तर मी तो या जहाजापासून धरीन.

आपल्याकडे अशी इसाबेल नेमलेली नव्हती. सरकारी लस टोचणारा मुलाला आठव्या दिवशी परत आणावयास सांगे, आणि आई आणीत नसे. हा अडाणीपणा होता, असे अधिकाऱ्यांनी वारंवार लिहिले. मला तो निवाडा एकांगी वाटतो. आपल्या लेकराच्या जखमेतून द्रव काढून तो कोणा परक्याला द्यावयाचा, किंवा कोणा परक्याचा आपल्या लेकराच्या अंगात घालावयाचा, यात जातीची भीती होती, तशी मुलाला इजा होण्याचीही होती. आणि ही दुसरी भीती निराधार नव्हती. दंडावरून दंडावर जाताना इतर रोगही जाऊ शकत. आईला विश्वासात कसे घ्यावे, याचा विचार करणारे थोडेच होते.

म्हैसुरात तो झाला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर गादीवर पाच वर्षांचा राजा होता आणि कारभार दिवाण पूर्णय्यांच्या हाती होता. कंपनीच्या लसीला या राज्यात फर्मानापेक्षा राणीच्या दंडाचा उपयोग अधिक झाला. राजघरात टोचले, मग आमच्या घरात का नको, हा विचार प्रजेला पटण्यासारखा होता. राणीच्या लसीकरणामुळे लोक पुढे येऊ लागल्याचा उल्लेख कंपनीच्या कागदांत आहे. तिची स्वतःची संमती कोणी विचारली होती काय, हे विचारण्याची त्या काळी पद्धतच नव्हती.

पुढे १८८० साली लसीकरणाचा कायदा झाला. वासरांपासून लस तयार होऊ लागली, तेव्हा मुलांचे दंड या कामातून मोकळे झाले. तरी आमच्या खेड्यांत देवीडॉक्टर येताच आया मुलांना आत लपवीत, ते कित्येक दशके. देशातील शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. म्हैसूरच्या चेलुवांबा रुग्णालयात आज आया मुलांना टोचून घेण्यास येतात, ते गोवराचे, धनुर्वाताचे, पोलिओचे, देवीचे नव्हे. सुई टोचताना मूल आईच्याच मांडीवर असते.