लग्नाचा मक्ता : काल आणि आज



घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं अनुभवाच्या पोटीं केली. पण ज्याच्या हाताशीं थोडाफार पैसा आहे, अशा गृहस्थाला आतां लग्न ‘करून पाहण्याची’ गरजच उरली नाहीं, असें वाटूं लागलें आहे. वेडिंग प्लॅनर, म्हणजे लग्नाच्या व्यवस्थेचा सगळा मक्ता घेणारा व्यवस्थापक, मुंबई-पुण्याप्रमाणेंच आपल्या रत्नागिरींतहि मिळतो. गणपतीपुळ्याच्या समुद्रकांठीं लग्न लावावें म्हणून बाहेरगांवचीं कुटुंबेंहि येतात. या व्यवस्थापकाकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं, हा प्रश्न वरवर निव्वळ व्यवहाराचा दिसतो. परंतु लग्नाचीं कामें आपल्याकडे आजवर कोणीं आणि कशाच्या बदल्यांत केलीं, हें पाहिल्यावांचून त्याचें उत्तर नीट मिळत नाहीं.

पेशवाईंत आणि तिच्यानंतरहि बराच काळ देशावरच्या गांवगाड्यांत हीं कामें बलुतेदारांत वांटलेलीं होतीं. कुंभारानें मडकीं आणावयाचीं, सुतारानें पाट-चौरंग करावयाचे, परटानें पायघड्या घालावयाच्या, गुरवानें पत्रावळी पुरवावयाच्या, न्हाव्यानें आमंत्रणें पोंचवावयाचीं. ग्रामजोशी मुहूर्त काढी व लग्न लावी. यांपैकीं कोणाशींहि नवा ठराव करावा लागत नसे. सुगीला मिळणारें बलुतें आणि लग्नांतला मान हाच त्यांचा मोबदला. आपल्या कोंकणांत बलुत्याची घडी देशाइतकी भरदार नव्हती. येथें भावकी आणि वाडी पुढें येई. मांडवाचे वांसे, झावळ्या, पंगतीचीं भांडीं, पाहुण्यांना निजावयास पडवी, हें सर्व शेजारच्या घरांतून येई, आणि आज घेतलेली मदत उद्यां परत करावी लागे.

ही व्यवस्था फुकट नव्हती; तिची किंमत पैशांत मोजली जात नसे एवढेंच. शिवाय तींत निवड नव्हती. जोश्याचें वतन वंशपरंपरेचें; तो नको म्हटलें तरी त्याचा हक्क सुटत नसे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर ब्राह्मण पुरोहितावांचून लग्नें लागूं लागलीं, तेव्हां ग्रामजोश्यांनीं आपली दक्षिणा बुडाली म्हणून न्यायालयांत दावे लावले. ज्याला बोलावलें नाहीं त्यालाहि पैसे द्यावे कीं काय, हा त्या दाव्यांतला मुद्दा होता. आज आपण व्यवस्थापक निवडतों, दुसऱ्याशीं त्याची तुलना करतों व न पटल्यास नाहीं म्हणतों. जुन्या काळाचे गोडवे गातांना ही मोकळीक विसरूं नये.

एका माणसाच्या देखरेखीखालीं सगळें लग्न पार पडावें, ही कल्पना मात्र नवी नाहीं. १७८३ सालीं पुण्यांत सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें. वधू थत्त्यांची कन्या रमाबाई. या लग्नाच्या व्यवस्थेसंबंधीं नाना फडणविसांनीं करून दिलेली याद इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. नाना हे त्या लग्नाचे मुख्य व्यवस्थापकच होते, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण नानांच्या यादीमागें दौलतीची सत्ता होती. आजच्या व्यवस्थापकाजवळ याद असते, सत्ता नसते. फुलवाला, आचारी, मांडववाला, छायाचित्रकार हे बहुधा त्याचे नोकर नसून स्वतंत्र धंदेवाले असतात. तो त्यांना एका सूत्रांत ओंवतो. परंतु त्यांपैकीं एखादा उशिरां आला, तर मुहूर्त कांहीं थांबत नाहीं. म्हणून त्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा कीं, यांतलीं तुमचीं स्वतःचीं माणसें किती, बाहेरचीं किती, आणि बाहेरचा चुकला तर जबाबदार कोण?

गांवगाडा आणि हा व्यवस्थापक यांच्यामधला दुवा मुंबईनें घडवला. १८५४ सालीं कावसजी दावर यांच्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढें गिरण्या वाढल्या तशीं रत्नागिरी जिल्ह्यांतून हजारों माणसें त्या शहराकडे गेलीं. चाळींतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडास अंगण नाहीं, पडवी नाहीं. भावकी गांवीं राहिलेली. म्हणून शहरांत मंगल कार्यालय आलें, आचारी व वाढपी रोजावर आले. १९४३ पासून मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, तेव्हां पंगतीसाठीं धान्य व साखर जमवणें हेंहि जाणत्या माणसाचें काम होऊन बसलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर धांवूं लागली आणि गांवीं येऊन लग्न करणें चाकरमान्यास सोपें झालें; पण रजा चार दिवसांची. पूर्वीं माणसें नव्हतीं म्हणून तीं पैसे देऊन आणलीं. आतां वेळ नाहीं म्हणून तोहि पैसे देऊन मिळवावा लागतो. व्यवस्थापक विकतो तो हा वेळ.

आतां अपेक्षांचा हिशेब करूं. पहिली गोष्ट पैशाची. कोणी व्यवस्थापक ठराविक रक्कम घेतो, कोणी एकूण खर्चावर शेंकडेवारी. शेंकडेवारी असेल तर खर्च वाढला कीं त्याचें उत्पन्न वाढतें. त्यांत लबाडी असतेच असें नाहीं, पण काटकसरीची जबाबदारी त्याच्यावर टाकणें व्यर्थ होय. तो आपली धांवपळ वांचवील. पैसे वांचवीलच असें नाहीं. कार्यालयाकडून वा फुलवाल्याकडून त्याला दलाली मिळते काय, सांगितलेला आंकडा कर धरून आहे कीं वगळून, हें संकोच न करतां विचारावें.

दुसरी गोष्ट तारखेची. चातुर्मासांत लग्नें बहुधा थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हां सुरू होतात, आणि मृगाच्या पावसाआधीं कार्य उरकावें म्हणून वैशाखांत सर्वांनाच घाई असते. त्यामुळें चांगल्या मुहूर्ताच्या दिवशीं एकाच व्यवस्थापकाकडे दोन-तीन लग्नें असूं शकतात. बोलणीं करावयास जो माणूस आला, तोच त्या दिवशीं मांडवांत उभा राहणार कीं त्याचा मदतनीस, हें नांवानिशीं लिहून घ्यावें.

तिसरी गोष्ट त्याच्या हाताबाहेरची. अवकाळी सर, आंबा घाटांत अडकलेली गाडी, उशिरां आलेली रेल्वे, यांवर त्याचा इलाज नाहीं. पर्याय तयार ठेवणें एवढेंच त्याला शक्य आहे, आणि तेवढें मात्र मागावें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक सामान्यतः लावतां येत नाहीं. ‘तें मी पाहून घेईन’ असें जो सांगतो, त्याच्यापासून जपून राहावें.

चौथी गोष्ट मानपानाची. विहिणीला पातळ कोणतें, सीमांतपूजनाचा खर्च कोणाचा, पहिल्या पंगतीस कोण बसणार, हे निर्णय दोन्ही घरांनीं समोरासमोर बसून घ्यावयाचे असतात. पूर्वीं घरांतला एखादा काका किंवा आत्या दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे सांगून रुसवा काढी. व्यवस्थापकाजवळ तो अधिकार नाहीं. त्याच्यावर हें सोंपवलें, तर तो दोघांनाहि होय म्हणतो, आणि तंटा ऐन मांडवांत उभा राहतो.

पांचवी गोष्ट लेखाची. १८७२ चा करार कायदा कराराच्या भंगापासून सहज उद्भवणाऱ्या नुकसानीची भरपाई देववितो; दूरान्वयाच्या नुकसानीची नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं ग्राहक आयोगाकडेहि दाद मागतां येते. पण त्यासाठीं हातांत कागद पाहिजे. विसार किती, लग्न पुढें गेल्यास त्यांतला परत किती, पानें किती धरलीं, वाढलेल्या पानाचा दर काय, एवढें तरी त्या कागदावर असावें.

शेवटीं कर्जाविषयीं. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. कुणबी लग्नांत उधळतो म्हणून बुडतो, असें त्या काळीं पुष्कळ जण म्हणत. चौकशीस नेमलेल्या आयोगानें मात्र असा निष्कर्ष काढला कीं, लग्नखर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. ऐपतीच्या मानानें तो खर्च जास्त असतो खरा, पण असे प्रसंग क्वचित् येतात. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो, कारण लेकीच्या लग्नांत हौस करणाऱ्या बापाला तो मूर्ख ठरवीत नाहीं. परंतु क्वचित् येणारा प्रसंगहि व्याजाच्या पैशानें साजरा केला, तर तो एक दिवस हप्त्यांच्या रूपानें वर्षानुवर्षें घरांत मुक्काम करतो. म्हणून आंकडा आधीं घरांत ठरवावा आणि मग व्यवस्थापकास बोलवावें. त्याच्याजवळचीं चित्रें पाहून आंकडा ठरवूं नये.

१९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, ज्या विधींत सप्तपदी आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें लग्न करावयाचें तर आगाऊ नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार लागतात. बाकीचें सारें आपण हौसेनें व आपल्या माणसांच्या प्रेमापोटीं जोडलेलें आहे. तें जोडूं नये, असें मी म्हणत नाहीं. त्याची व्यवस्था विकत घेण्यांतहि कांहीं कमीपणा नाहीं. मात्र दारीं आलेल्यास ‘या, बसा’ म्हणणें आणि शेवटची पंगत उठेपर्यंत उपाशी कोण राहिलें तें पाहणें, हें यजमानाचें काम आहे. मक्ता देतांना तेवढें काम आपल्याकडे ठेवावें.