गौडबंगाल कोण करतं?

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात जनावरांचे दर एकाएकी पडले, की बैलाचं दावं धरून उभा असलेला शेतकरी शेजारच्याला म्हणतो, "ह्यात काय तर गौडबंगाल हाय." मुंबईत रातोरात सरकार बदललं, हातकणंगल्याला तहसिलात फाईल अडकली, तरी शब्द हाच. जे दिसतात त्यांच्या हातात कारभार नाही, सूत्रं भलतंच कुणी हलवतं, हा संशय या एका शब्दात मावतो.

गौड ही बंगालची जुनी राजधानी. तिचे अवशेष आज मालदा जिल्ह्यात आहेत. त्या मुलखालाही तेच नाव होतं. तो मुलूख आणि त्याच्या पलीकडचं कामरूप म्हणजे मंत्रतंत्राचं माहेर, अशी ख्याती इकडे पोचली आणि देशाचं नाव जादूचं नाव झालं. लोकलच्या डब्यात वशीकरणाची हमी देणारा 'बंगाली बाबा' त्याच ख्यातीवर पोट भरतो. पुढे जादू मागे पडली आणि न उलगडणाऱ्या कुठल्याही प्रकाराला आपण गौडबंगाल म्हणू लागलो.

हा मुलूख घरोघरी पोचवला तो नाथांच्या कथांनी. मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार' शके 1741 मधला, म्हणजे 1819 चा. त्यातला गोपीचंद गौडबंगालचाच राजा. त्याची आई मैनावती जालंदरनाथांची शिष्या. मुलानेही नाथांना शरण जावं, अशी तिची इच्छा. राणीने मात्र राजाचे कान भरले: जोग्याने सासूबाईंना भुलवलंय, तुम्हाला भगवी वस्त्रं देऊन घालवायचं आणि राज्य गिळायचं, असा डाव आहे. राजाने पुरावा मागितला नाही. रातोरात जालंदरनाथांना खड्ड्यात ढकलून वर घोड्यांची लीद लोटली. सिंहासनामागे जोग्याची अदृश्य सत्ता आहे, ही भीती आपल्याकडे इतकी जुनी आहे. आणि कथेत खरी लपवाछपवी केली ती भ्यालेल्या राजानेच.

अशा संशयासाठी मराठीत आणखीही शब्द आहेत. 'कारस्थान' दिसतं संस्कृत, पण आलं फारसीतून. मूळ 'कारस्तान', त्यात 'कार' म्हणजे काम. शेवटचं 'स्थान' आपण घडवून घेतलं. या शब्दाला पूर्वी आजच्याइतकी बदनामी नव्हती. 1773 साली नारायणराव पेशव्याचा खून झाल्यावर राघोबादादाविरुद्ध कारभारी एकवटले, त्याला इतिहास 'बारभाईंचं कारस्थान' म्हणतो, तेही बऱ्यापैकी कौतुकाने. 'करणी' तर दोन्हीकडून बोलते. देवाची असली तर नारळात पाणी, भावकीतल्या कुणाची असली तर उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू.

या शब्दांचं व्याकरण मोठं बोलकं आहे. कट रचतात, कारस्थान करतात, करणीसुद्धा कुणीतरी करतं. गौडबंगाल मात्र बहुधा नुसतं 'असतं'. त्याला कर्ता लागत नाही. म्हणून ते बोलायला सोपं आणि खोडायला अशक्य. कुणावर आळ घेतला नाही, म्हणून बोलणारा सुटतो. आणि कुणाचं नाव आलं नाही, म्हणून करणाराही सुटतो.

कर्त्याचं नाव घेतलं की काय होतं, हे कोल्हापूरने पाहिलं आहे. संस्थानचे राजे चौथे शिवाजी महाराज यांच्या छळामागे दिवाण बर्वे आहेत, असं लोक बोलत होते. टिळक-आगरकरांनी ते छापलं. आधाराला घेतलेली पत्रं न्यायालयात बनावट ठरली आणि दोघांना 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. महाराजांचे हाल खोटे नव्हते. 1883 च्या डिसेंबरात अहमदनगरला त्यांचा अंत झाला. पण हाल खरे म्हणून पत्रं खरी ठरत नाहीत.

कायदा या बाबतीत चोख आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत 1913 साली फौजदारीपात्र कटाचं स्वतंत्र कलम आलं. अशा कटाला किमान दोन माणसं लागतात आणि त्यांचं संगनमत सिद्ध व्हावं लागतं. गौडबंगालाला कलम नाही. 2005 पासून माहितीचा अधिकार आहे, अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प पुरतो. त्यात "गौडबंगाल काय आहे" असं विचारता येत नाही. निविदा कोणी उघडली, सही कोणाची, तारीख कोणती, एवढंच विचारता येतं. उत्तर मिळेलच असं नाही. पण प्रश्नात क्रियापद 'करणं' आलं, की माणूस शोधता येतो.