गणवेशाची साक्ष

घरोघरीं देवघराशेजारीं पूर्वजांचीं छायाचित्रें टांगलेलीं असतात. त्यांना हार घातला जातो. त्यांची चौकशी मात्र क्वचितच होते. मालेगांवीं, नारोशंकरांच्या किल्ल्यापासून जवळच असलेल्या आमच्या वडिलार्जित घरांत असेंच एक चित्र होतें: फेटा बांधलेला, खाकी पोषाखांतील एक तरुण शिपाई. हे आपले पणजोबा, कुतच्या वेढ्यांतून जिवंत परतलेले, असें आम्हांस लहानपणापासून सांगण्यांत आलें होतें.

कुत हें मेसोपोटेमियांतील तैग्रिस नदीवरचें गांव. तेथें जनरल टाऊनशेंड यांच्या सैन्याला तुर्कांनीं वेढलें, व १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजीं, उपासमारीनें गांजलेलें तें सैन्य शरण गेलें. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्यांत होत्या. कैद झालेल्यांपैकीं कित्येक जण वाळवंटांतील वाटचालींत व छावण्यांत मरण पावले. तेथून परतलेला पुरुष घराण्याचा अभिमान व्हावा, हें स्वाभाविकच होय.

परंतु चित्र भिंतीवरून उतरवून आम्हीं भिंगाखालीं धरलें, तेव्हां या श्रद्धेला धक्का बसला. १९१६ सालच्या हिंदी शिपायाचा खाकी अंगरखा मांडीपर्यंत लांब असे. चित्रांतील शिपायाची बंडी मात्र कमरेशींच संपते. हा 'बॅटल ड्रेस'. ब्रिटिश लष्करांत तो दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आला. येथें आम्हीं भरंवसा ठेवला तो आकारावर, छटेवर नव्हे. कारण जुन्या काळच्या कित्येक फिल्मा तांबड्या रंगास आंधळ्या असत, व त्यांत तांबडें तें काळें उमटे.

खांद्यावरील पितळी अक्षरांवरून पलटण कळते. तेथें शंभराच्या वरचा आंकडा असेल तर चित्र १९२२ पूर्वींचें समजावें. कारण त्या सालीं मराठा पलटणी एकत्र करून त्यांना पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री हें नांव मिळालें. आमच्या चित्रांत तीं अक्षरें पुसट आहेत. पण बाहीवर नाइकाच्या दोन फिती दिसतात, आणि त्यांच्या वर फुलांसारखें एक चिन्ह. तें आठव्या हिंदी डिव्हिजनचें क्लोव्हर होय. ही डिव्हिजन १९४३ सालीं इटलींत उतरली. तिच्यांतीलच शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीकांठीं केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

म्हणजे चित्रांतला पुरुष पणजोबा नव्हे, तर त्यांचा धाकटा मुलगा, आमचे चुलत आजोबा. ते इटलीहून परतले, शेती करीत राहिले, आणि युद्धाविषयीं कधींच बोलले नाहींत. न बोलणाऱ्याचा चेहरा बापाच्या कीर्तीला जोडला गेला, व त्यांची स्वतःची चाकरी घर विसरून गेलें.

आम्हीं हें सांगितलें तेव्हां वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "मग माझ्या आजोबांचा चेहरा कुठला रे?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्यांचें दुसरें चित्र घरांत नाहीं. सत्य शोधतांना एकाचा मान त्यास परत मिळाला, पण दुसऱ्याचा चेहरा आम्ही गमावून बसलों.

आतां चित्राखालीं चुलत आजोबांचें नांव आहे. शेजारची खुंटी आत्याबाईंनीं रिकामी ठेवविली आहे. सणावारीं त्या तेथेंही हार घालतात.