पाणमांजर : नदी, खाडी आणि समुद्र

मुस्टेलिडी कुलातील, पाण्यात शिकार करून जगणारा सस्तन प्राणी. ऊद असेही म्हणतात. महाराष्ट्रात प्रामुख्याने आढळते ते मऊ, तुकतुकीत केसांचे पाणमांजर (लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा). वजन साधारण ७ ते ११ किग्रॅ.; कुटुंबाने राहते आणि मासे घेरायलाही सगळी मिळून जातात.

श्रीरामपूर तालुका गोदावरी आणि प्रवरा यांच्यामधला, समुद्रापासून दूर, उसाचा. तरीही या नोंदीत त्याला जागा आहे. कारण गोदावरीच्या वरच्या अंगाला निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर अभयारण्याच्या प्राणिसूचीत पाणमांजर आहे. खाली, आंध्र प्रदेशात गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते तिथल्या कोरिंगाच्या कांदळवनात याच जातीची वस्ती आहे. धरणसाठा, नदीचे पात्र, खारे पाणी, तिन्ही पाणमांजराला चालतात. अडते ते किनाऱ्यावर : बिळासाठी शाबूत दरड आणि झाडोरा हवा. वाळूउपसा आणि काठापर्यंत आलेली शेती नेमके तेच नेतात.

समुद्री पाणमांजर (एनहायड्रा लुट्रिस) उत्तर प्रशांत महासागरातले. अंगावर चरबीचा थर नाही, ऊब सारी दाट केसांची. त्या कातड्यासाठी १८व्या व १९व्या शतकांत त्याची इतकी कत्तल झाली, की १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वेळी जेमतेम एक-दोन हजार उरली होती. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो यांनी १९७४ मध्ये अल्यूशन बेटांची तुलना मांडली. पाणमांजरे असलेल्या अम्चिट्काभोवती केल्प या महाकाय समुद्रशैवालाचे रान होते. ती नसलेल्या शेम्याभोवती समुद्री साळींदरांनी (सी अर्चिन) ते फस्त केले होते.

अबलोनी ही एकाच कवचाची, खडकाला चिकटून केल्पवर जगणारी सागरी गोगलगाय. पाणमांजराचे हे आवडते खाद्य, म्हणून कॅलिफोर्नियातील अबलोनी पकडणाऱ्यांनी त्याला शत्रू मानले. पण त्यांना जी मुबलकता नेहमीची वाटत होती, तीच मुळी पाणमांजरे संपल्यामुळे आलेली होती. पुढे अतिमासेमारी आणि रोगांमुळे तिथली दक्षिणेकडची व्यापारी पकड १९९७ मध्ये बंद करावी लागली. पांढरी अबलोनी २००१ मध्ये संकटग्रस्त जाहीर झाली. पाणमांजर परतले की अबलोनी कपारींत उरतात, पण धंद्यापुरत्या नाहीत. समतोल म्हणजे सगळ्यांचा फायदा, हा समज इथे टिकत नाही.

केल्पची ही गोष्ट कोकणाला जशीच्या तशी लावणे चूक. आपल्याकडे केल्प नाही. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सरगॅसम वाढते, आणि आपले पाणमांजर मुख्यतः मासे खाते. तुलना करायचीच तर कॅलिफोर्नियातील एल्कहॉर्न स्लू या खाडीशी करावी. तिथे परतलेल्या समुद्री पाणमांजरांनी खेकडे कमी केले. खेकडे ज्यांना खात ते शैवालभक्षी जीव त्यामुळे वाढले, त्यांनी समुद्रगवतावरचे शैवाल खरवडले आणि गवत सावरले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बिळे करणारे खेकडे घटल्याने खाडीकाठ खचण्याचा वेगही मंदावला.

गोव्यातील खाजन शेतीत (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीत) खेकड्यांची बिळे ही बांधांची जुनीच डोकेदुखी आहे, आणि चोडणसारख्या बेटांवरील कांदळवनांत, खाजनांत पाणमांजरे वावरतात. ती खेकडेही खातात. मात्र मानशीजवळ (बांधातील पाण्याच्या दाराजवळ) जाळी फाडून मासे पळवणारे जनावर बांध राखते, असे शेतकऱ्याला सांगण्याआधी तिथल्या बांधावरच मोजमाप व्हायला हवे. कॅलिफोर्नियाचा दाखला पुरेसा नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा जातीला ‘असुरक्षित’ वर्गात ठेवले आहे. कातडी आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारामुळे २०१९ मध्ये तिचा समावेश वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. त्यामुळे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे.