आतला दोष

फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद-कारखान्यासंबंधी भारत व सोव्हिएट रशिया यांच्यात करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्यातील त्या मुलखाचा कारभार नागपूरहून चालत असे. मध्य प्रदेशाची राजधानी अद्याप भोपाळला जावयाची होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि १९६० मध्ये तेथे रूळ तयार होऊ लागले. पुढे कित्येक दशके देशातील आगगाड्यांचा भार मुख्यतः भिलाईच्या रुळांनीच वाहिला.

रूळ वरून कितीही निर्दोष दिसला, तरी त्याच्या पोटात काय दडले आहे हे डोळ्यांना कळत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे २५ ऑगस्ट १९११ रोजी रूळ तुटून गाडी घसरली व २९ माणसे मृत्युमुखी पडली. भेग रुळाच्या आतल्या आत वाढत गेली होती. अशा भेगांचे एक मूळ पुढे सापडले, ते म्हणजे वितळलेल्या पोलादात मुरणारा हायड्रोजन. त्यावर दुहेरी उपाय निघाला. पोलाद ओतण्यापूर्वी निर्वात पात्रात त्यातील वायू काढून घ्यावयाचा आणि तयार रुळातून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडावयाच्या. भेगेवर आदळून प्रतिध्वनी परतला, की तो रूळ सदोष ठरतो. भिलाईत हे दोन्ही उपाय योजले जातात.

संगणकाच्या चिपेपुढे मात्र हा उपाय लंगडा पडला. नखाएवढ्या सिलिकॉनवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर. बाहेर येणाऱ्या जोडण्या मात्र त्यामानाने मूठभर. आतला दोष बाहेर उमटावा म्हणून कोणते संकेत आत धाडावेत, याची गणिती रीत आयबीएमच्या जे. पॉल रॉथ यांनी १९६६ मध्ये मांडली. परंतु चिपेत स्मृतिघटकही असतात. तिचे उत्तर पूर्वस्थितीवर अवलंबून राहते, आणि ती स्थिती बाहेरून ठरविणे अतिशय जिकिरीचे असते. स्टॅनफर्डच्या विल्यम्स व एंजेल यांनी १९७३ मध्ये यातून वाट सुचविली, आणि १९७७ मध्ये आयबीएमच्या आयखेलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्याने तिला शिस्तबद्ध रूप दिले. चाचणीच्या वेळी हे सारे स्मृतिघटक एका साखळीत गुंफले जातात. हवी ती स्थिती एका टोकाने आत सरकवावयाची, चिप क्षणभर चालवावयाची, आणि उत्तर दुसऱ्या टोकाने वाचून घ्यावयाचे.

याकरिता चिपेवर जागा खर्ची पडते व वेगही किंचित घटतो. म्हणून तपासणी हे कारखान्याचे काम, आरेखकाचे नव्हे, असा आक्षेप निघणे स्वाभाविक होते. तथापि सदोष चिप यंत्रात बसल्यानंतर शोधून काढणे अनेक पटींनी महाग पडते, आणि ते यंत्र मोटारीचा ब्रेक अथवा रुग्णाचा श्वास सांभाळणारे असेल, तर त्या चुकीची किंमत रुपयांत मोजताच येत नाही. आज मोटारींतील अनेक चिपा गाडी सुरू होताच स्वतःची परीक्षा स्वतःच घेतात. एकीवर एक रचलेल्या चिपांच्या चाचणीसाठी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही ठरले.

भिलाईत आता १३० मीटर लांबीचे एकसंध रूळ घडविले जातात. रूळ लांबल्याने सांधे कमी झाले, तरी पोटातील भेगेची धास्ती कमी झालेली नाही. पोलाद निदान ध्वनीला वाट देते. सिलिकॉनमध्ये मात्र ती वाट आरेखकालाच आखून ठेवावी लागते. आरंभीच ती राखली नाही, तर मागाहून कितीही दक्ष परीक्षक नेमला, तरी त्याला आत डोकावता येत नाही.