बैलगाडी, १९७३ आणि घाटातलं न्यूट्रल

मंडळी, सध्या पेट्रोलच्या दराचा विषय निघाला की मला नोव्हेंबर १९७३ आठवतो. म्हणजे वाचलेला! पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी तेव्हा बैलगाडीतून संसदेत आले होते.

ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेने त्याच महिन्यात कायदा करून महामार्गांवरचा वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरवर आणला. कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याचं बिल टाकी भरते. तेल स्वस्त झाल्यावर १९९५ मध्ये तो कायदा गेला.

आपल्याकडे १९७४ मध्येच मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय सापडलं. १९७६ पासून तिथलं तेल येऊ लागलं, पण ते पुरणारं नव्हतं. १९७८ मध्ये सरकारने पीसीआरए ही इंधन बचतीची संस्था काढली. सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, एअर फिल्टर साफ ठेवा, हे सगळं आपण तिच्याच पाट्यांवर आणि जाहिरातींत वाचलं.

आमचे वडील त्याच पिढीतले. खंबाटकी घाट उतरताना स्कूटर न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करायचे. "एवढंच पेट्रोल वाचलं," म्हणायचे. मीही पुढे कित्येक वर्षं कार तशीच उतरवली. एकदा वळणावर ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, स्टेअरिंग जड झालं, आणि घाम फुटला. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टेअरिंगला त्याची मदत मिळत नाही, हे तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे त्यात बचतही नाही. वडिलांची गाडी कार्बोरेटरची होती. आताच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतो. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं, तर उलट ते चालू राहायला पेट्रोल लागतं.

म्हणून १९७० च्या दशकातली शिकवण पाळायची, पण डोळे मिटून नाही. हवा, वेग, सिग्नल हे आजही खरं आहे. घाटातलं न्यूट्रल सोडा. आजही आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. तिकडे युद्ध झालं की इकडे आपला खिसा हलतो. त्या दरावर आपला ताबा नाही, उजव्या पायावर आहे.

तुमच्या घरातली पेट्रोल वाचवायची जुनी युक्ती कोणती? जरूर सांगा. आणि या आठवड्यात टायरची हवा तेवढी तपासून घ्या.