कुंभारणीच्या कोठडीतली अळी

दाराच्या चौकटीवर, कपाटामागे किंवा बंद खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी, दोऱ्याइतक्या बारीक कमरेची मोठी माशी म्हणजे कुंभारीण. तिची ओळख नसलेला माणूस तिला गांधीलमाशी समजून घाबरतो. पण गांधीलमाश्या जथ्याने राहतात आणि कागदासारखे पोळे करतात. कुंभारीण एकटी राबते आणि डिवचल्याखेरीज सहसा डंख मारत नाही. अंगापेक्षा कामावरून तिला ओळखणे सोपे, आणि जुन्या लोकांनीही तिला तशीच ओळखली होती. माशी हिरवी अळी धरून आणते, मातीच्या कोठडीत कोंडते, तोंड लिंपून टाकते. माती थापताना तिची गुणगुण ऐकू येते. पुढे केव्हातरी त्या कोठडीला भोक पडते आणि आतून हुबेहूब तशीच माशी निघते. यातले एकही निरीक्षण खोटे नाही. त्यांची सांगड मात्र अशी घातली गेली की, कोंडलेली अळी भीतीने भृंगीचेच, म्हणजे या माशीचेच, चिंतन करते आणि अखेर भृंगी होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत ही माशी आहे. त्या स्कंधावरची आपली टीका एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि हा दृष्टान्त मराठी श्रोत्यांच्या ओळखीचा झाला.

ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही, चांगल्या पण अर्ध्यावर थांबलेल्या निरीक्षणातून आलेली आहे, असे माझे म्हणणे आहे. लिंपण्याआधी पाहिले आणि माशी उडताना पाहिले; मधले दिवस मातीआड राहिले. त्या दिवसांत घडते ते असे. कुंभारीण रिकाम्या कोठडीत आधी एक अंडे घालते. काही जाती ते बारीक तंतूने छताला टांगतात. मग डंखाने लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढते, कोष करते आणि माशी होऊन बाहेर पडते. (कुंभारणींच्या काही जाती अळ्यांऐवजी कोळी साठवतात.) कोठडीतली अळी हलत नाही, पण सडतही नाही, हे कोडे युरोपातही सहज सुटले नव्हते. लेओं द्युफूर या फ्रेंच कीटकतज्ज्ञाला शिकारी माशीच्या घरात न सडलेले भुंगेरे सापडले, तेव्हा ते मेलेले असून माशीचे विष त्यांना टिकवते असे त्याने मानले. ते जिवंत पण लुळे असतात, हे झाँ-आंरी फाब्रने १८५५ मध्ये दाखवले. द्युफूरसारखा जाणकार जिथे चकला, तिथे जुन्या माणसाला ती निश्चल अळी ध्यानात बुडालेली वाटली असेल, तर त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की, दृष्टान्ताला कीटकशास्त्राची फूटपट्टी का लावायची? सांगायचे आहे ते चिंतनाचे सामर्थ्य, माशी केवळ निमित्त. पण आपल्याच परंपरेत दृष्टान्ताची अट कडक आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचेही ज्यावर एकमत होते, तो दृष्टान्त. अळीची माशी होते हे श्रोत्याला खरे वाटत होते, म्हणूनच त्याच्या आधारावर पुढचे सांगता येत होते. शिवाय भागवत स्पष्ट सांगते की, अळी आपला पूर्वीचा देह न टाकता तद्रूप होते. हे पडताळून पाहता येण्याजोगे विधान आहे, आणि कोठडी योग्य वेळी फोडली तर त्या देहाचा फडशा पडलेला दिसतो. चिंतनाचा महिमा त्यामुळे कमी होत नाही. त्याला या माशीची साक्ष मिळत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भिंग नसलेल्या काळाकडून ही तपासणी मागणे अन्यायाचे नाही का? याचे उत्तर चीनमध्ये मिळते. तिथेही हीच समजूत होती. माशी अळीला ‘माझ्यासारखी हो’ असे बजावत राहते, असे यांग श्योंग सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सांगत होता, आणि तेही कन्फ्यूशियसचे शिष्य गुरूसारखे कसे झाले हे समजावताना. दोन्ही देशांत या माशीला गुरुत्वाशी जोडावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पण इ.स. ५०० च्या सुमारास ताओ होंगजिंग या वैद्यकपंडिताने औषधींवरच्या ग्रंथात लिहून ठेवले की, माशी राळ्याच्या दाण्याएवढे अंडे घालते आणि आत भरलेले किडे हे पिल्लाचे अन्न असते. राळ्याचा दाणा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अडचण डोळ्यांची नव्हती. उत्तर आधीच हाती आहे आणि ते सुंदर आहे असे वाटत असताना माती फोडावीशी वाटणे, ही होती. आणि एकाने ती फोडल्यानेही भागले नाही. ताओचे म्हणणे नंतरच्या काही वैद्यांनी खोडून काढायचा प्रयत्न केला, इतका की एकनाथांच्या ग्रंथानंतर पाच वर्षांनी, १५७८ मध्ये, आपला औषधींचा महाकोश पुरा करणाऱ्या ली शिझेनलाही ताओचीच बाजू पुन्हा मांडावी लागली.